पर्जन्यमापक आणि पार : हवामानबदलाच्या विचारविनिमयात शिक्षकाचे स्थान



मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेकडील गाव. नगरपरिषद असल्यामुळे कागदोपत्री त्याची गणना शहरात होते. परंतु तेथील बाजाराचा, व्यवहाराचा आणि संभाषणाचा कणा शेती हाच आहे. घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही, असा भाषांचा सहवास या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा, आणि जो पडतो तोही बेभरवशाचा. अशा प्रदेशात हवामानाचा बदल हा केवळ वृत्तपत्रातील विषय राहत नाही. तो पेरणीच्या तारखेत दिसतो, विहिरीच्या पातळीत दिसतो, आणि ज्या वर्षी पीक हातचे जाऊन कुटुंबे कामाच्या शोधात गाव सोडतात, त्या वर्षी शाळेच्या हजेरीपटावरही दिसतो.

या बदलावर उपाय कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो : ते उपाय ठरवावयाचे कोणी? शास्त्रज्ञांनी ठरवून गावाला कळवावेत, की गावाने आपल्या अनुभवाने ठरवावेत? या दोन्ही वाटा एकएकट्या अपुऱ्या आहेत. जाणकार आणि नागरिक यांनी एका बैठकीत, एका प्रश्नावर, समान मानाने बसणे ही तिसरी वाट आहे. आणि ती वाट घालून देण्यात खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा वाटा फार मोठा ठरू शकतो.

प्रथम बदलाचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. याचे मुख्य कारण कोळसा, तेल व वायू यांच्या ज्वलनातून वातावरणात साठत गेलेला कर्बद्विप्राणिल वायू, ज्याला पाठ्यपुस्तकात कार्बन डायऑक्साइड म्हणतात. आता हवेचा एक साधा गुणधर्म असा की, तापमान एका अंशाने वाढले म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून उष्ण हवा जमिनीतील ओल अधिक शोषून घेते आणि पाऊस देते तेव्हा तो एकदम व जोराने देते. दोन पावसांमधील उघडीप लांबते आणि पाऊस आला म्हणजे बांध फोडून जातो. १९७२ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यातील वृद्धांच्या स्मरणात आहे. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला पूर तर विद्यार्थ्यांनीही पाहिलेला आहे. कोणत्याही एका दुष्काळावरून किंवा एका पुरावरून हवामान बदलले असे सिद्ध होत नाही. ते अनेक वर्षांच्या नोंदींवरूनच ठरते. नोंदींचे महत्त्व येथूनच सुरू होते.

उपाय केवळ जाणकारांच्या हाती का सोपवू नयेत, याचे उत्तर सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासातच सापडते. १९३३ च्या सुमारास भारतात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची जी मोजकी केंद्रे सुरू झाली, त्यांत सोलापूर हे एक होते. त्या काळी या भागासाठी जी पद्धत सिद्ध झाली, ती ‘मुंबईची कोरडवाहू शेतीपद्धत’ या नावाने ओळखली गेली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, ओळींतील अंतर वाढवून पातळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही तिची अंगे होत. शास्त्रदृष्ट्या ती निर्दोष होती. तथापि ती अपेक्षेप्रमाणे घरोघरी रुजली नाही. तिने मिळणारी उत्पादनातील वाढ माफक होती. ज्याच्या दावणीला एकच बैलजोडी, त्याने खोल नांगरटीचा खर्च सोसून पदरात काय पाडून घ्यावे, हा हिशेब प्रयोगक्षेत्राच्या वहीत बसत नाही; तो शेतकऱ्याच्या ओसरीवर बसल्यावाचून कळत नाही.

त्याच दशकात, त्याच जिल्ह्यात, मोहोळ येथे दुसरे एक काम झाले. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पेरीत आलेल्या स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून संशोधकांनी ‘एम ३५-१’ हा वाण सिद्ध केला. बी शेतकऱ्यांचे होते, निवड करणारी नजर शास्त्रज्ञांची होती. भाकरीची चव, कडब्याचा दर्जा आणि ओल कमी असताही तग धरण्याची शक्ती यांची पारख शेतकऱ्यांनी आधीच करून ठेवलेली होती. नंतर कितीतरी सुधारित वाण आले, तरी रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात मालदांडीचे नाव आजही टिकून आहे. एकाच जिल्ह्यातील, एकाच काळातील या दोन उदाहरणांचा बोध स्पष्ट आहे. जेथे जाणकार माणूस शेतकऱ्याजवळ जे आहे तेथून आरंभ करतो, तेथे काम टिकते.

परंतु याचा अर्थ असा नव्हे की, अनुभव असला म्हणजे शास्त्राची गरज उरत नाही. अनुभवालाही मर्यादा असतात, आणि भूजल हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. सोलापूर जिल्ह्याची भूमी मुख्यतः काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची आहे. अशा खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. तो साठा मर्यादित असतो. एकाने विंधन विहीर अधिक खोल नेली म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी उतरण्याचा संभव असतो, पण हे जमिनीच्या पोटात घडत असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. मग प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणाने वागतो आणि सर्व मिळून गाव कोरडे पाडतात. स्मरणशक्तीही फसवी असते. ‘पूर्वी पाऊस वेळेवर पडत असे’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते; पण पूर्वी म्हणजे केव्हा, वेळेवर म्हणजे कोणत्या नक्षत्रात, आणि किती, हे विचारले असता बहुधा मौन पडते. अनुभवाला मापाची जोड लागते, आणि मापाला अनुभवाची.

ही जोड महाराष्ट्रात घातली गेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. ते स्वतः अभियंता होते. बंधारा कोठे घालावा आणि पाणी कसे उचलावे हे ते जाणत होते. परंतु त्या पाण्याची वाटणी त्यांनी केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न मानली नाही. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यावे, दर माणशी अर्ध्या एकरापुरते द्यावे, भूमिहीनांचाही त्यावर हक्क मानावा आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ नये, असे नियम तेथे पाळले गेले. असे नियम कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. ते माणसांनी एकमेकांसमोर बसून मान्य करावे लागतात. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर पाणलोटाची कामे झाली, पण त्या गावाचे खरे वैशिष्ट्य पुढे आहे. तेथे दरवर्षी पाऊस मोजला जातो, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची याचा निर्णय त्यावरून होतो. शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यावर गावाने स्वतःच बंदी घालून घेतली. पर्जन्यमापकातील आकडा आणि गावाची संमती यांचा असा मेळ बसला, म्हणूनच तेथील बंधारे नुसते दगडमातीचे ढीग होऊन राहिले नाहीत.

आता अशा बैठकीत कोणी बसावे, हा प्रश्न येतो. गावाची बैठक म्हटली की पारावर नेहमीचीच माणसे पुढे बसतात. ज्यांच्याजवळ जमीन अधिक, आवाज मोठा आणि वेळ मोकळा, त्यांचेच म्हणणे गावाचे म्हणणे ठरते. यावर एक जुना उपाय आहे, तो म्हणजे चिठ्ठी. तमिळनाडूतील उत्तिरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोलकालीन शिलालेखांत, भूर्जपत्रासारख्या कागदावर नव्हे तर ताडपत्राच्या तुकड्यांवर नावे लिहून, ती घटात टाकून आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढवून समित्यांचे सभासद निवडण्याची रीत कोरलेली आहे. अर्थात त्या काळी घटात नाव जाण्याचा अधिकार फार थोड्यांना होता. आधुनिक काळात फ्रान्सने हीच रीत सर्व नागरिकांना लागू केली. ऑक्टोबर २०१९ ते जून २०२० या काळात तेथे चिठ्ठीने निवडलेल्या १५० सामान्य नागरिकांची परिषद भरली. त्यांनी तज्ज्ञांचे म्हणणे ऐकले, त्यांना उलट प्रश्न विचारले आणि हवामानबदलावरील १४९ सूचना सरकारला सादर केल्या. पुढे त्यांतील काही सूचना बाजूला ठेवल्या गेल्या आणि २०२१ च्या कायद्यात बऱ्याच सूचनांची धार बोथट झाली; त्यामुळे भाग घेणाऱ्या अनेकांची निराशा झाली. या प्रयोगाचे यश आणि अपयश दोन्ही उपयोगी आहेत. यश हे की, सामान्य माणसाला वेळ आणि माहिती दिली तर तो अवघड प्रश्नावरही गंभीरपणे विचार करतो. अपयश हे की, निर्णयाचे पुढे काय होणार हे आधी ठरवून घेतले नाही, तर लोकांचा विश्वास उडतो.

मैंदर्गी आणि आसपासच्या गावांत अशी बैठक भरवावयाची झाल्यास बारा ते पंधरा जण पुरेत. बागायतदार, कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर आणि पशुपालक यांच्या स्वतंत्र चिठ्ठ्या टाकाव्यात. निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात. पाणी भरणे, गुरांचा चारा आणि घरातील धान्याची बेगमी यांचा भार बहुतांशी त्यांच्यावरच असतो. म्हणून टंचाई आली म्हणजे ती प्रथम त्यांना कळते. मजुराचा त्या दिवशीचा रोज बुडू नये, याकरिता बैठकीची वेळ संध्याकाळची ठेवणे हेही न्यायाचेच अंग होय.

भाषेचा प्रश्न तर या सीमाभागात निर्णायकच म्हणावा लागेल. जो मनुष्य बाजारात मराठी सफाईने बोलतो, तोही आपल्या शेताविषयीची चिंता पुष्कळदा कन्नडातच व्यक्त करतो. बैठक केवळ मराठीत चालली तर काहींची संमती ही समजून दिलेली संमती नसून संकोचाने हलविलेली मान ठरेल. मराठी आणि कन्नड या दोन्ही माध्यमांच्या शाळांतील शिक्षक येथे एकत्र आले, तर दोन्ही भाषांत काम चालविणे मुळीच कठीण नाही. शिवाय तज्ज्ञांची परिभाषा ही तिसरीच भाषा असते. ‘अनुकूलन’ हा शब्द ऐकून शेतकरी गप्प बसतो. ‘पाऊस उशिरा आला तर काय पेरावे’ असे विचारले तर तो तासभर बोलतो.

शिक्षकांवर अध्यापनाखेरीज इतर कामांचा भार आधीच पुष्कळ आहे, हे लक्षात ठेवूनच पुढील कामे सुचविण्यासारखी आहेत. त्यांतील बराच भाग भूगोल आणि गणित यांच्या तासांतच बसतो.

पहिले काम पावसाच्या नोंदवहीचे. सरळ बाजूंचे, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचे भांडे आणि मोजपट्टी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. भांडे मोकळ्या जागी ठेवावे. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर ते असावे. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची खोली मिलिमीटरांत मोजून भांडे रिकामे करावे. वहीत चार रकाने असावेत : तारीख, मिलिमीटर, नक्षत्र आणि वापसा केव्हा आला. पहिले दोन रकाने विद्यार्थी भरतील. शेवटचे दोन त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून भरावेत. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या पावसावर रब्बी ज्वारीची ओल अवलंबून असते, हे ज्ञान घराघरांत आहे. ते आकड्याशेजारी लिहिले गेले म्हणजे जाणकाराची भाषा आणि गावाची भाषा एकाच पानावर येते.

या वहीतून हिशेबही शिकविता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे शासकीय व्यवहारात ती अतिवृष्टी समजतात. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर जमीन असते. म्हणजे अशा एका दिवसात एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरांचा टँकर धरला तर हे सव्वीस टँकर झाले. उन्हाळ्यात ज्या गावात टँकरची वाट पाहिली जाते, त्या गावातील मुलाला हा हिशेब पुन्हा सांगावा लागणार नाही.

नोंदवहीचे आणखी एक कारण आहे. नुकसानभरपाई आणि पीकविमा यांच्या व्यवहारात पावसाचा शासकीय आकडा महसूल मंडळाच्या केंद्रावरून घेतला जातो, आणि एका मंडळात अनेक गावे येतात. ढग एका शिवारावर कोसळतो आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या वहीला कायद्याने त्या आकड्याचे स्थान मिळणार नाही, हे लोकांना स्पष्ट सांगावे. खोटी आशा लावू नये. परंतु पाच-सात वर्षांच्या अखंड नोंदी हाती असलेले गाव अधिकाऱ्यासमोर नुसती तक्रार घेऊन जात नाही, ते आधार घेऊन जाते.

दुसरे काम प्रश्न नेमका करण्याचे. ‘हवामानबदलावर उपाय’ हा विषय पारावर ठेवला तर भाषणे होतील, निर्णय होणार नाही. ‘सप्टेंबरअखेर विहिरींची पातळी अमुक हातांखाली असेल, तर त्या वर्षी नव्या उसाची लागण करावी किंवा नाही’ हा प्रश्न ठेवला, तर प्रत्येकाला आपले हित त्यात दिसेल, मतभेद होतील, आणि म्हणूनच विचारही होईल. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे आणि ज्वारीला भावाची शाश्वती नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. तज्ज्ञाने त्याला अडाणी समजून उपदेश केला तर बैठक तेथेच संपते. त्याच्या हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते.

तिसरे काम बैठकीच्या शिस्तीचे. कृषी खात्याचे अधिकारी, भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेचे जाणकार किंवा सोलापूरच्या संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञ यांना बोलवावे. परंतु प्रथम गावकऱ्यांनी बोलावे आणि पाहुण्यांनी ऐकावे. नंतर जाणकाराने वीस मिनिटांत, फळ्यावर आकृती काढून आपले म्हणणे मांडावे. जे निश्चित आहे ते निश्चित म्हणून आणि जे संभाव्य आहे ते संभाव्य म्हणून सांगावे. हारतुरे आणि सत्कार यांना फाटा द्यावा, कारण त्यांत निम्मा वेळ जातो आणि पाहुणा उंचावर बसतो. त्याच दिवशी निर्णयाचा आग्रह धरू नये. पंधरा दिवसांनी दुसरी बैठक भरवावी. मधल्या काळात लोक घरी बोलतील, शेजाऱ्याशी वाद घालतील, आणि तोच खरा विचारविनिमय होय.

चौथे काम निर्णय लिहून योग्य ठिकाणी पोचविण्याचे. मैंदर्गीत तो नगरपरिषदेपुढे आणि भोवतालच्या खेड्यांत ग्रामसभेपुढे गेला पाहिजे. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्य शासनाने सुरू केलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाची रचना भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर केलेली आहे. स्थानिक संस्थांना त्यात स्थान असल्याने अशा निर्णयाला एक रीतसर वाटही मिळते. फ्रान्सचा धडा येथे स्मरावा : उत्तर कोणी द्यावयाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे. सूचना नाकारावयाची असेल तर कारण देऊन नाकारावी. कारणासह मिळालेला नकार माणूस सोसतो. मौन सोसत नाही.

एक पथ्य शिक्षकाने कटाक्षाने पाळावयाचे आहे. या बैठकीत तो पक्षकार नव्हे. ऊस लावावा की ज्वारी, हे सांगणे त्याचे काम नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला बोलते करणे, जो फार बोलतो त्याला थांबविणे, आकडा चुकीचा सांगितला गेला तर वही उघडणे आणि एकाची भाषा दुसऱ्यास समजावून देणे, हे त्याचे काम आहे. वर्गात तो रोज हेच करीत असतो. त्याच्या शब्दाला गावात जो मान आहे तो या निःपक्षपातामुळेच आहे. एकदा तो गमावला की पर्जन्यमापकाच्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

पृथ्वीचे तापमान वाढविण्यात मैंदर्गीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा नगण्य आहे. मोठ्या देशांनी आणि मोठ्या उद्योगांनी जे करावयाचे ते त्यांनीच केले पाहिजे. २०१५ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी दिलेली वचने पाळण्याची जबाबदारी गावांवर ढकलता येणार नाही. पण तोवर पाऊस थांबून राहत नाही. येत्या मृगात पेरणी करावयाचीच आहे, विहिरीतील पाणी वाटून घ्यावयाचेच आहे. ते भांडून वाटावयाचे की मोजून आणि बोलून, एवढीच निवड गावाच्या हाती आहे. त्या निवडीची पूर्वतयारी एका सरळ भांड्याने, एका मोजपट्टीने आणि चार रकान्यांच्या वहीने करता येते, आणि ही तिन्ही साधने प्रत्येक शाळेत आजच उपलब्ध आहेत.